सुईतलं तारुण्य

1 जून 1889 रोजी पॅरिसमधल्या जीवशास्त्रज्ञांच्या सभेत 72 वर्षांच्या शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार यांनी स्वतःवरच्या प्रयोगाची हकिगत सांगितली. कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क त्यांनी टोचून घेतला होता. आता जिने पळत चढता येतात, प्रयोगशाळेत तासन्‌तास उभं राहता येतं, असं ते म्हणाले. मज्जारज्जूवरच्या संशोधनामुळे त्यांचा दबदबा होता. लोकांनी विश्वास ठेवला. पण पाण्यात काढलेल्या त्या अर्कात परिणाम होण्याइतकं टेस्टोस्टेरॉन उतरत नाही. 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यांच्याच कृतीने अर्क काढून हे मोजून दाखवलं.

तरी त्या व्याख्यानाला मी वेडगळ म्हणणार नाही. ग्रंथी रक्तात काही सोडतात, हा विचार खरा निघाला आणि 1935 मध्ये बैलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं. खोटी ठरली ती दुसरी समजूत: तारुण्य हा प्राण्याचा गुण असतो आणि त्याच्या अवयवाबरोबर तो आपल्यात उतरतो. पुढे स्वित्झर्लंडमध्ये पाउल नीहान्स मेंढीच्या गर्भातल्या पेशी श्रीमंतांना टोचू लागले, ते याच समजुतीवर.

नंतर विचार जमिनीवर आला. 1981 मध्ये अमेरिकेत गाईच्या कातडीतल्या कोलॅजनला मान्यता मिळाली. सुरकुती भरायची एवढंच त्याचं काम. त्याच कामाचं हायलुरॉनिक ॲसिड आधी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, मग जिवाणूंकडून बनवून घेऊ लागले. बोटॉक्स तर खराब मांसातून माणसं मारणाऱ्या जिवाणूचं विष. मज्जातंतूचा निरोप ते स्नायूपर्यंत पोचू देत नाही, म्हणून कपाळाला आठी पडत नाही. जोम देण्याचा दावाच नाही. मला हा टप्पा सर्वांत प्रामाणिक वाटतो.

आता कोरियातून चेहऱ्याच्या त्वचेसाठी साल्मन माशाच्या वीर्यातल्या डीएनएचं इंजेक्शन आलं आहे. साल्मनच का, याचं उत्तर जुनं आहे. 1869 मध्ये पुवातल्या पेशींतून डीएनए पहिल्यांदा वेगळं काढणारे फ्रीडरिश मीशर पुढे बासेलला ऱ्हाइन नदीतल्या साल्मनकडे वळले, कारण शुक्राणूचं डोकं म्हणजे जवळजवळ नुसतं केंद्रक. डीएनए मुबलक मिळतं. इंजेक्शनसाठी प्रथिनं काढून त्याचे तुकडे करतात. माशाची जनुकं आपल्या त्वचेत कामाला लागत नाहीत. असे तुकडे जखमा भरण्यासाठी आधीपासून वापरले जातात, त्यामुळे शक्यता हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

मला खटकते ती जाहिरात. औषध रेणूचं आणि गोष्ट वीर्याची, म्हणजे पुन्हा जोमाची. त्या गोष्टीला भुलून पैसे मोजणाऱ्यांना खरी माहिती मिळायला हवी. सुई टोचण्यानेच त्वचेत दुरुस्ती सुरू होते. त्यामुळे चेहऱ्याच्या अर्ध्या भागात हे औषध आणि उरलेल्या अर्ध्यात नुसतं सलाइन टोचून, कुठे काय टोचलं हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला न सांगता, काही महिन्यांनी दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय माशाच्या वाट्याला किती श्रेय जातं ते ठरत नाही.