पाटीवरचे ‘डॉ.’ आणि तपासणीचे काम

सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये असे पत्र काढले आणि लगोलग मागेही घेतले. त्यावरून झडलेला वाद पाटीवर काय लिहावे एवढ्यापुरताच राहिला. रुग्णासमोर बसल्यावर हा माणूस विचार कसा करतो, याकडे कोणी फारसे वळले नाही.

त्या वादातले एक मत मला फार खटकते, कारण ते समंजस वाटते आणि पुष्कळांना पटते. निदान डॉक्टरांनी करायचे, फिजिओथेरपिस्टने व्यायाम करून घ्यायचे. डोके एकाचे, हात दुसऱ्याचे.

पाऊल वर उचलता न येणारा रुग्ण घ्या. एमआरआयमध्ये कमरेची गादी सरकलेली, चिठ्ठीवर तेच निदान आणि खाली ‘ट्रॅक्शन, व्यायाम’. पण कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय तपासणारा अभ्यास १९९४ सालीच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला होता, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या निदान एका तरी गादीला फुगवटा होता. गादी सरकलेली दिसली हे खरे, पण दोष तिचाच हे अजून ठरायचे असते. म्हणून रुग्णाला पाऊल आत वळवायला सांगायचे आणि हाताने विरोध करून जोर पाहायचा. पाऊल उचलणाऱ्या स्नायूंप्रमाणेच ते आत वळवणाऱ्या स्नायूचा पुरवठाही मुख्यतः कमरेतल्या पाचव्या मज्जामुळाकडून येतो, मात्र वेगळ्या नसेतून. पाऊल उचलणे गेले पण आत वळवणे शाबूत आहे, असे असेल तर संशय कमरेवरून गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने उतरणाऱ्या नसेवर जातो. तासन्‌तास उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्याची ती नस दबू शकते. तळव्यावर ओरखडा काढल्यावर अंगठा वर जात असेल, तर मेंदू आणि मज्जारज्जूकडे पाहायला हवे. तक्रार एक, जागा तीन. चिठ्ठीबरहुकूम ट्रॅक्शन लावणाऱ्याला यातले काहीच दिसणार नाही.

लघवीवरचा ताबा सुटला, बैठकीच्या जागी बधिरता आली, तर व्यायाम बाजूला ठेवून रुग्णाला तातडीने सर्जनकडे पाठवायचे, याबद्दल दुमत नाही. औषध आणि शस्त्रक्रिया फिजिओथेरपिस्टच्या अधिकारात नाहीत, नसाव्यातही. पण रोज रुग्णाशेजारी बसणाऱ्याने ती खूण ओळखायची, तर डोके त्याला लागणारच. अनुभवी हाताला आपोआप कळते म्हणणाऱ्यांना, कळले ते पडताळले कसे, एवढेच विचारावे.

पक्षाघाताच्या उपचारांतही हेच. बोबाथ दांपत्याच्या परंपरेने ताठरपणा आवरण्यावर भर दिला. कार आणि शेफर्ड यांनी प्रत्यक्ष कामाचा सराव पुढे आणला. समोरच्या बाई खुर्चीतून का उठू शकत नाहीत, पाय ताठ म्हणून की मांडीत जोर नाही म्हणून, हे पाहिल्याशिवाय कोणत्याच पंथाचा उपयोग नाही.

माझ्या दृष्टीने खरा भेद डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यातला नाहीच. तो दोन प्रकारच्या तपासण्यांमधला आहे: जिचे उत्तर काहीही आले तरी उपचार तोच राहतो ती, आणि जिचे उत्तर फिरले की पुढची कृती फिरते ती. पहिलीने केसपेपर भरतो. दुसरीलाच मी विचार म्हणतो. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला चाचणीचे नाव आणि ती ‘पॉझिटिव्ह’ कधी धरायची, हे विचारले जाते. ती ‘निगेटिव्ह’ आली तर या रुग्णासाठी आज काय वेगळे करशील, या प्रश्नालाच सर्वांत जास्त गुण असायला हवेत.