सत्यकामाचा अर्ज

बी.एड.च्या प्रवेशाचे दिवस आले की धुळ्याच्या देवपुरातील आमच्या ओट्यावर संध्याकाळी दोन-चार पदवीधर मुलेमुली कागदांची पिशवी घेऊन येऊन बसतात, आणि दाखले, गुणपत्रके, जातपडताळणीचे प्रमाणपत्र व या सर्वांच्या साक्षांकित नकला यांची जुळवाजुळव झाल्यावर त्यांतले एखादे हळूच विचारते की, स्वतःविषयी जे लिहावयाचे ते कसे लिहावे. या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर मी पुष्कळ वर्षे देत आलो. परंतु अलीकडे मला असे वाटू लागले आहे की हा प्रश्न मुळात धर्माचा आहे. आपण शिकविण्यास पात्र आहो असे मनुष्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावे काय, आणि म्हणावयाचे तर कशाच्या आधारावर?

सरकारी प्रवेशप्रक्रियेने हा पेच बाजूला ठेवला आहे. सामाईक परीक्षेच्या १०० गुणांपैकी ३० गुण अध्यापनाच्या अभियोग्यतेसाठी राखलेले असतात, आणि हजारो उमेदवारांमध्ये वशिल्याला वाव राहू नये म्हणून हे योग्यही आहे. तथापि काही संस्था प्रवेशापूर्वी एक-दोन पानांचे निवेदन मागतात, मुलाखत घेतात. आणि जेथे कोणी काही मागत नाही तेथेही दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातील पहिला पाठ घ्यावयास उभे राहिल्यावर समोरची चाळीस मुले तोच प्रश्न न बोलता विचारतात.

वेदान्त्यांनी अधिकाराचा, म्हणजेच या पात्रतेचा, विचार फार बारकाईने केला आहे. ब्रह्मसूत्रांच्या आरंभीच्या ‘अथ’ या एका शब्दावर भाष्य करताना शंकराचार्यांनी जिज्ञासेपूर्वी अंगी असावयाची जी चार साधने सांगितली, त्यांपैकी विवेक, वैराग्य आणि शमदमादी संपत्ती ही तीन मनुष्याजवळ काय आहे ते सांगतात, परंतु चौथे जे मुमुक्षुत्व ते त्याच्याजवळ काय नाही आणि त्यासाठी तो किती तळमळतो आहे, हे सांगते. ज्याला काहीच उणे वाटत नाही तो, त्याच्याजवळ इतर कितीही संपत्ती असो, अधिकारी होत नाही. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याच्या अर्जात मी हे चौथे साधन शोधतो, आणि ते क्वचितच सापडते. कारण अर्ज म्हणजे आपल्या जमेच्या बाजूचा हिशेब अशी समजूत सर्वत्र रूढ आहे.

विद्येच्या दारी केलेला जो सर्वांत जुना अर्ज मला आठवतो, तो छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाचा. गौतम हारिद्रुमताकडे गेलेल्या त्या मुलास आचार्यांनी गोत्र विचारले, तेव्हा त्याने कोणतेही सोयीचे गोत्र न सांगता, आई तारुण्यात अनेकांच्या घरी सेवा करीत असताना आपण जन्मलो आणि म्हणून गोत्र ठाऊक नाही असे तिनेच सांगितले आहे, तिचे नाव जबाला, माझे सत्यकाम, एवढीच हकीगत सांगितली. आणि तो सत्यापासून ढळला नाही एवढ्याच कारणास्तव आचार्यांनी त्याला समिधा आणावयास सांगून पदरात घेतले. येथे अर्जदाराची उणीव हाच त्याचा दाखला ठरला. मात्र हेही ध्यानात ठेवले पाहिजे की उणीव असणे हे काही त्याचे गुणपत्रक नव्हते. ती लपविण्याची सोय असूनही त्याने ती जशीच्या तशी मांडली, हे होते.

गेल्या पावसाळ्यात साक्री तालुक्यातील एक मुलगी आपला मसुदा घेऊन आली. लहानपणापासून शिक्षकी पेशाची आवड, ज्ञानदानाचे पवित्र कार्य, आदर्श पिढी घडविण्याचा ध्यास, असे सर्व त्यात होते, आणि अक्षर मोत्यासारखे होते. मी कागद बाजूला ठेवून तिला एवढेच विचारले की आजवर तू कोणाला, काय शिकविलेस. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली की शेजारच्या मजुराचा तिसरीतला मुलगा वर्षभर तिच्याकडे बसतो. तो वहीत ‘आहे’ऐवजी ‘शे’ लिहीत असे, आणि ती दर वेळी लाल रेघ मारून खाली ‘आहे’ दहा वेळा लिहावयास लावीत असे. दोन महिन्यांनी तो चुकेनासा झाला, परंतु लिहिणेच कमी करू लागला; पाच ओळींच्या जागी दोन, मग एक. एके संध्याकाळी तिच्या आईने, जी स्वतः कधी शाळेत गेलेली नाही, ती वही उलटीपालटी करून अहिराणीत विचारले की बाई, आपण घरात दुसरे काय बोलतो? त्या दिवशी तिला उमगले की मुलाच्या हातून चूक होत नव्हती. तो एका नियमबद्ध भाषेतून दुसरीत येत होता आणि ती त्याचा पूल तोडीत होती. तेव्हापासून ती वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढते, डावीकडे ‘शे’, उजवीकडे ‘आहे’, आणि मुलगा दोन्हीकडे लिहितो.

‘हे मसुद्यात कोठे आहे?’ मी विचारले.

‘सर, यात तर माझी चूकच दिसते. आणि घरी अहिराणी बोलतो, हे कशाला सांगायचं?’

सत्यकामाला जे गोत्र, ते खानदेशातील कित्येक मुलांना अहिराणी आहे, हे मला त्या क्षणी जितके स्पष्ट दिसले तितके पूर्वी कधी दिसले नव्हते. प्रवेशाच्या फॉर्मात आईच्या नावाचा रकाना असतो आणि आपण तो यंत्रवत भरतो. परंतु आईची भाषा, आईचे वावरातले कष्ट, आईने विचारलेला प्रश्न यांना निवेदनात जागा देताना मात्र आपल्याला संकोच वाटतो.

तिने मसुदा तीन वेळा लिहिला. दुसऱ्या वेळी ती उलट्या टोकाला गेली आणि आपल्याला काहीच येत नाही असे लिहून आली. तेही असत्यच होते, कारण वर्षभर एका मुलापाशी नेमाने बसणे आणि आपली पद्धत बदलणे हे तिने खरोखर केले होते. केलेले कर्म विनयाच्या नावाखाली झाकणे हा आत्मस्तुतीइतकाच सत्याचा भंग आहे. शिफारसपत्रासाठी तिच्या मनात तालुक्यातील एक वजनदार गृहस्थ होते. मी म्हटले, ज्याने तुला शिकविताना पाहिले आहे त्याचीच सही घे, मग तो वस्तीवरच्या शाळेतला शिक्षक का असेना. तिने तसे केले.

या विचारात मला साने गुरुजी वारंवार आठवतात. ते अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी, आणि १९२४ मध्ये तेथील शाळेत शिक्षक झाले. १९३० पर्यंत त्यांनी तेथे शिकविले. पुढे १९३२ मध्ये आमच्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा सहा वर्षांच्या अनुभवाचा हा शिक्षक हाती लेखणी घेऊन खाली बसला आणि दुसऱ्याचे शब्द उतरवून घेऊ लागला. गुरुजींचा अधिकार मला वर्गात उभ्या असलेल्या त्यांच्या चित्रापेक्षा या बसण्यात अधिक दिसतो.

प्रवेश मिळाला म्हणजे अधिकार कायमचा पदरी पडला, असेही उपनिषद मानीत नाही. तोच सत्यकाम पुढे आचार्य झाला, आणि त्याच्याकडे उपकोसल नावाचा शिष्य बारा वर्षे अग्नीची सेवा करीत राहिला. बाकीच्यांना विद्या देऊन घरी पाठविले, याला मात्र काहीच न सांगता आचार्य प्रवासाला निघून गेले. दुःखाने त्या मुलाचे अन्न सुटले. याने पुष्कळ तप केले आहे, याला सांगा, असे आधी विनविणारी आणि मागून, तू जेवत का नाहीस, असे विचारणारी आचार्यांची पत्नी होती. एका आईच्या शब्दावर ज्याला प्रवेश मिळाला, त्याच्याही घरात उपाशी शिष्य दिसला तो एका बाईलाच.

मुलगी तिसरा मसुदा घेऊन आली तेव्हा तिने तो आईला अहिराणीत वाचून दाखविला असल्याचे सांगितले. आईने सगळे ऐकून एकच दुरुस्ती सुचविली होती: त्या मुलाने लिहिणे कमी केले असे तू म्हणतेस, पण तो त्या दिवसांत आपल्याकडे पाणीदेखील मागत नव्हता, ते लिही. मुलीने ते समासात पेन्सिलीने लिहून आणले होते, आणि ते निवेदनात घ्यावे की नाही, याविषयी आम्ही दिवेलागणीपर्यंत बोलत बसलो.