अणीमांडव्याचा खटला

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा येते. आश्रमाच्या दाराशी झाडाखाली, हात उंच धरून, मौनव्रत घेऊन ते तप करत होते. चोर लुटीचा माल घेऊन आले आणि आश्रमात लपले. मागोमाग राजाचे शिपाई आले. चोर कोणत्या वाटेने गेले, असे त्यांनी विचारले. ऋषी काहीच बोलले नाहीत. झडती झाली, माल सापडला, चोरही सापडले. शिपायांनी चोरांबरोबर ऋषींनाही बांधून नेले आणि राजाने सगळ्यांना एकच शिक्षा फर्मावली.

पोलीस प्रशिक्षण केंद्रात मला कायद्याच्या तासाला बोलावतात तेव्हा मी कलमांऐवजी या कथेपासून सुरुवात करते. समोर बसलेली मुले-मुली बहुतेक शेतकरी, मजूर कुटुंबांतली असतात, पहाटेपासून मैदानावर घाम गाळून आलेली. कथा इथवर आली की मी विचारते, शिपायांचे चुकले कुठे? वर्ग गप्प होतो, कारण त्यांच्या नजरेने पाहिले तर तपास चोख झालेला असतो. मुद्देमाल जप्त आहे, जागा त्याच माणसाची आहे, आणि तो उत्तर देत नाही. मग मागच्या रांगेतून प्रश्न येतो, "मॅडम, माणूस निर्दोष असेल तर बोलायला त्याला काय हरकत आहे?"

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. तो प्रामाणिक आहे आणि जगातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात रोज मनातल्या मनात विचारला जातो. परीक्षेपुरते त्याचे उत्तर सोपे आहे. संविधानाच्या कलम २० (३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. हे संरक्षण पोलीस चौकशीतही मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात सांगितले. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि नव्या साक्ष अधिनियमातही राहिला आहे. मुले हे पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळवतात. पण त्यामागचे कारण त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून पहिल्याच पोस्टिंगला ते पुसले जाते.

माणूस गप्प बसतो त्याची कारणे अनेक असतात. कुणी घाबरलेला असतो. कुणाच्या घरची भाषा वेगळी असते आणि साहेबांचे अर्धे बोलणे त्याला कळत नाही. कुणाला आपल्या मुलीचे नाव या प्रकरणात यायला नको असते. कुणाच्या बापाने याच ठाण्यात तोंड उघडून काय मिळवले, ते त्याने लहानपणी पाहिलेले असते. या सगळ्या कारणांत अपराध हे एक कारण आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले खरे कोणते ते दिसत नाही.

महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे लिहिलेले असते. त्या ब्रीदाबद्दल मला आदर आहे. पण सज्जन कोण आणि दुर्जन कोण, हे ठरून गेल्यानंतरचे काम ते सांगते. ते ठरवायचे कुणी? आपल्या कायद्याने तो अधिकार पोलिसाला दिलेला नाही, न्यायालयाला दिला आहे. म्हणजे ज्याच्या हातात दंडुका आहे, जो घटनास्थळी सर्वांत आधी पोहोचतो, ज्याने रक्त पाहिले आहे, रडणारी आई पाहिली आहे, त्यानेच मनातला निकाल मागे ठेवायचा. ही मागणी कायद्याची असली तरी ती पुरी करायला लागते ती साधना. संशय घ्यावा, शोध घ्यावा, पण निश्चय करू नये, असे मन तयार करायला आपल्या परंपरेत लोकांनी आयुष्ये वेचली. ते आपण विशी-पंचविशीतल्या मुलांकडून काही महिन्यांच्या प्रशिक्षणात मागतो, आणि त्यासाठी त्यांना कवायतीइतकाही सराव देत नाही.

कथेचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सुळावर चढवलेले मांडव्य मेले नाहीत. हे राजाला कळले, तो धावत आला, त्याने क्षमा मागितली. पण सूळ ओढून निघेना. शेवटी तो कापावा लागला आणि त्याचे टोक ऋषींच्या शरीरातच राहिले. म्हणून ते अणीमांडव्य. निर्दोष सुटलेल्या अशिलाला घरी जाताना पाहिले की मला ते टोक आठवते. निकालाची नक्कल त्याच्या हातात असते, पण नोकरी गेलेली असते, बहिणीचे लग्न मोडलेले असते. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार बंदींपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे.

पुढे मांडव्य थेट धर्माकडे गेले आणि त्यांनी जाब विचारला, मला ही शिक्षा का? धर्म म्हणाला, लहानपणी तू कीटकांना काडी टोचली होतीस, त्याचे हे फळ. यावर ऋषींनी मान डोलावली नाही. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? तीही अजाण वयातल्या कृत्यासाठी? त्यांनी नियम घातला की चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचे पाप लागणार नाही, आणि धर्माला शाप दिला. त्या शापातून विदुर जन्मला. शूद्रयोनीत जन्म ही शिक्षा मानणारी ही कथा स्वतः एका अन्यायातून सुटलेली नाही, हे मी वर्गात स्पष्ट सांगते. पण तिचा गाभा मला सोडवत नाही. साक्षात धर्माने दिलेले कर्मफळाचे स्पष्टीकरण एका भोगलेल्या माणसाने नाकारले आहे.

कारण ठाण्यात कर्मसिद्धान्त रोज वेगळ्या शब्दांत बोलला जातो: "या गुन्ह्यात नसेल, पण कशात तरी असेलच." १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टने हेच जमातींच्या जमातींना लावले आणि जन्म हाच पुरावा ठरवला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरी आमच्या भागात चोरी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीकडे वळते. माझी श्रद्धा आहे, मी कर्म मानते. पण माझे कर्म मी तपासायचे. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून त्याचे कर्म सांगण्याचा हक्क मला नाही, आणि हाती सत्ता असलेल्याला तर मुळीच नाही.

मांडव्यांजवळ त्या दिवशी कुणी बसलेले नव्हते. तालुका विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवकांना शिकवताना मी त्यांना त्याच रिकाम्या जागी बसायला सांगते. यात अंगणवाडीताई असतात, निवृत्त गुरुजी असतात, वस्तीवरची शिकलेली पोरे असतात. त्यांनी वकिली करायची नाही. ठाणे अंमलदारांना नमस्कार करून शांतपणे विचारायचे: अटक किती वाजता दाखवली, कारण सांगितले का, नातेवाइकांना कळवले का, अटक पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही कुणाची? चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेणे बंधनकारक असल्याने ती वेळ फार मोलाची असते.

हे नियम अशाच माणसांनी मिळवलेले आहेत. मुंबईतल्या लॉकअपमधल्या स्त्रियांचे हाल पत्रकार शीला बारसे यांनी पत्राने सर्वोच्च न्यायालयाला कळवले, तेव्हा १९८३ मध्ये न्यायालयाने सांगितले की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे. पश्चिम बंगालमध्ये विधी साहाय्याचे काम करणाऱ्या डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंबद्दल पत्र लिहिले, आणि त्यातून डिसेंबर १९९६ मध्ये अटकेचे ते नियम आले जे आज प्रत्येक प्रशिक्षणार्थी शिकतो.

मग होणारा पोलीस आणि विधी स्वयंसेवक, या दोघांना वेगळ्या इमारतींत का शिकवायचे? विधी स्वयंसेवक अर्ज भरायला शिकतो, पोलीस आरोपीला धरायला शिकतो, आणि दोघे पहिल्यांदा भेटतात ते मध्यरात्री ठाण्यात, एकमेकांवर चिडलेले. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की दोघांचे काही तास तरी एकत्र घ्या. होणाऱ्या शिपायाला एकदा न बोलणाऱ्या आरोपीच्या जागी बसवा आणि स्वयंसेवकाला एकदा ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत.

आणि वाचकांना एवढेच सांगते. ओळखीच्या कुणाला अटक झाली, तर त्याने काय केले असेल याची चर्चा करत बसू नका. कुणीतरी त्याच्याजवळ जा. कोठडीतल्या कोणत्याही माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक १५१०० आहे.