आठवण आणि नोंद

‘गेल्या बारा महिन्यांत तुम्ही किती वेळा डॉक्टरांकडे गेलात?’ आरोग्य पाहणीतला हा प्रश्न दिसायला साधा. पण उत्तर देणारा एकेक भेट आठवून मोजत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी महिन्याला एक फेरी, म्हणजे बारा. मध्ये खोकला झाला होता, धरा तेरा. झालं उत्तर. गुडघा शेकायला घातलेले हेलपाटे, पट्टी बदलायला गेलेली दुपार, रिपोर्ट दाखवून पाच मिनिटांत परतणं, हे त्या हिशेबात येतच नाही.

अमेरिकेत अशी उत्तरं पडताळता येतात, कारण मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्याकडे दाव्यांची नोंद असते. झुवेकास आणि ओलिन या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वैद्यकीय खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीतली उत्तरं या दाव्यांशी ताडून पाहिली. रुग्णालयात दाखल झाल्याचं लोकांनी बरोबर सांगितलं होतं. तातडीच्या विभागातल्या भेटी मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी सांगितल्या गेल्या, दवाखान्यातल्या १९ टक्क्यांनी. या पाहणीत कुटुंबांना दोन वर्षांत पाच वेळा विचारलं जातं. तरीही एवढी गळती.

काळ लोटला की मोठी घटनाही निसटते. मिशिगन विद्यापीठातले चार्ल्स कॅनेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९६०च्या दशकात रुग्णालयांच्या नोंदी हाताशी ठेवून त्याच रुग्णांच्या मुलाखती तपासल्या. घरी परतून दहा आठवड्यांच्या आत विचारलं, तर जेमतेम ३ टक्के मुक्काम सांगायचे राहिले. वर्ष उलटताना हे प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं. ज्या आजाराचा संकोच वाटतो, तो अधिक गळला. उलटही घडतं: दीड वर्षापूर्वीचं ऑपरेशन यंदाच झाल्यासारखं वाटतं.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन भाग केले आणि स्मृतीला प्रमेचा, म्हणजे प्रमाणभूत ज्ञानाचा, दर्जा नाकारला. ही आकडेवारी पाहून त्यांचा निवाडा पटतो. पण मग विम्याची नोंद तरी प्रमा आहे का? तिच्यात तारीख, निदानाचा संकेतांक आणि रक्कम असते. ज्याचे पैसे विम्याने द्यायचे, तेवढंच तिला दिसतं. खिशातून दिलेली फी, वैद्याचा काढा, परवडत नाही म्हणून टाळलेली तपासणी यांचा तिथे मागमूस नसतो. दावा पैशासाठी लिहिला जातो. आठवण टिकते ती भीती, वेदना आणि खर्च यांच्या बळावर. दोन्हींचे हेतूच वेगळे, म्हणून दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. या तफावतीला खोटेपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

मला अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. भेटी जितक्या जास्त, तितक्या त्या कमी सांगितल्या जातात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. वर्षातून एकदा डॉक्टरकडे जाणाऱ्याला ती भेट आठवते. मधुमेह, मूत्रपिंड आणि डोळे या तिन्हींसाठी दारोदार फिरणाऱ्याच्या भेटी एकमेकींत मिसळून जातात. म्हणजे ज्याचं दुखणं सर्वांत मोठं, त्याचीच मोजणी सर्वांत तोकडी.

भारतात हा प्रश्न अधिक बिकट आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) रुग्णालयात दाखल होण्याबद्दल मागच्या ३६५ दिवसांचं विचारलं गेलं आणि इतर आजारपणाबद्दल फक्त १५ दिवसांचं. हा शहाणपणा स्मृतीची मर्यादा ओळखून आलेला आहे. पण दवाखान्यातली फी आपल्याकडे बहुतेक खिशातून दिली जाते, विम्याच्या दप्तरात ती कुठेच नसते. ताडून पाहायला दुसरी वहीच नाही. सांगणाऱ्याची आठवण हाच पुरावा, म्हणून विचारणाऱ्याची जबाबदारी मोठी. त्याने कालावधी आखूड ठेवावा, केसपेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या पुढे काढायला सांगावं, उत्तर यायला वेळ द्यावा. आणि जुनाट आजाराच्या माणसाने वर्षभराच्या भेटींचा जो आकडा सांगितला, तो धोरण आखणाऱ्याने कमाल नव्हे, किमान समजूनच तरतूद करावी.