न विचारता केलेलं भलं

दिवाळीच्या आधीचा रविवार. मी सोऱ्यात चकलीचं पीठ भरत होते आणि भाची ओट्याशी स्टूल ओढून फोनवर वाचत बसली होती. माझे हात पिठाचे, म्हणून स्क्रोल तिने करायचं आणि मी मान वाकवून बघायचं, असं आमचं चाललं होतं. 'चीज इन द ट्रॅप' ती तिसऱ्यांदा वाचते आहे. मी एकदा वाचलंय, तिच्याच आग्रहाने, आणि त्या एका वाचनाने मला अजून सोडलेलं नाही.

"मावशी, एक विचारू? यू जंग मला आवडतो. यात माझं काही चुकतंय का?"

"असं का वाटलं तुला?"

"मैत्रिणी म्हणतात, तो चालताबोलता रेड फ्लॅग आहे. असला माणूस गोष्टीत आवडला की खऱ्या आयुष्यातही असलाच गळ्यात पडतो म्हणे. 'ट्रू ब्यूटी' वाचताना बरं होतं. नायिकेने कुणाला निवडावं, सुहो की सोजुन, एवढंच भांडण. मी सोजुनच्या बाजूने होते, हरले, दोन दिवस रडले, संपलं. याचं तसं होत नाही. हा आवडतो आणि आवडतो म्हणून लाजही वाटते."

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. सुनक्की या टोपणनावाने लिहिणाऱ्या कोरियन लेखिकेचं हे वेबटून, म्हणजे फोनवर वाचायचं कॉमिक, 2010 ते 2017 या काळात नेव्हर या कोरियन संकेतस्थळावर चाललं. 2016 मध्ये त्यावर मालिका आली, 2018 मध्ये सिनेमा. होंग सोल ही कुरळ्या, तांबूस केसांची, कष्टाळू मुलगी. धाकट्या भावाला आईबापांनी अमेरिकेला शिकायला पाठवलंय आणि ही कॉलेज सांभाळून पार्ट-टाइम कामं करते. यू जंग तिचा सीनियर: श्रीमंत घरचा, देखणा, अभ्यासात पहिला, सगळ्यांशी गोड. एका सोलला तेवढं दिसतं की त्या गोडव्याच्या मागे दुसराच कुणी बसलाय.

"तुझ्या मैत्रिणींचं मला पटत नाही," मी म्हटलं. "कोण आवडावं हे काही आपल्या हातात नसतं. मी वेगळं विचारते. तो तुला सगळ्यात जास्त कधी आवडला? नेमकी जागा सांग."

ती विचारात पडली. अंगठा स्क्रीनवर तसाच थांबला.

"शिष्यवृत्तीचं कळतं तेव्हा."

मला हेच उत्तर अपेक्षित होतं, कारण माझीही जागा तीच होती. सोल कॉलेजातून सुट्टी घेऊन बसलेली असते. पूर्ण शिष्यवृत्ती मिळते म्हणून ती परत येते. पहिला नंबर तिचा, कारण जंगचा एक रिपोर्ट गहाळ झालेला. पुढे उलगडतं की तो रिपोर्ट हरवलेला नव्हता, त्यानेच तो गहाळ करवला होता. विभागातल्या असिस्टंटचं एक दुखणं त्याला ठाऊक होतं; त्यावर बोट ठेवून त्याने हे काम करून घेतलं.

"कोण करतं गं असं कुणासाठी?" भाची म्हणाली. "तिला कधी सांगितलंसुद्धा नाही. श्रेय नको, आभार नकोत. आपल्याकडे गुप्तदान सगळ्यात श्रेष्ठ म्हणतात ना? आजी मंदिराच्या पेटीत मूठ झाकून टाकायची, आपल्यालाही बघू द्यायची नाही."

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. चकलीचा पहिला घाणा तेलात सोडून मी तशीच उभी राहिले. बुडबुडे बसेपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.

"थांब," मी म्हटलं. "आजीने पेटीत पैसे टाकले तर देवळाला कळतं की दान आलं. कुणी दिलं, तेवढंच कळत नाही. गुप्तदानात देणारा लपतो, दान लपत नाही. इथे जंगने दानच लपवलं. सोलला वाटतं, हे मी कमावलं. ती त्या विश्वासावर उभी आहे. रात्र रात्र जागून मिळवलेला नंबर म्हणून ती ताठ मानेने वर्गात येते, आणि ज्याने तो मिळवून दिला तो शेजारच्या बाकावर बसून तिला म्हणतो, चल, जेवायला जाऊ."

"पण तिने अभ्यास केलाच होता की! दुसरी आलीच असती."

"आलीच असती. मग ते दुसरेपण तिचं होतं. आता जे पहिलेपण आहे, ते तिचं आहे की त्याचं, हे तिला कधीच सांगता येणार नाही. त्याने तिला पैसे दिले आणि मोबदल्यात स्वतःबद्दलची खात्री काढून घेतली. हा सौदा तिने केलेला नाही."

"म्हणजे त्याने आधी विचारायला हवं होतं?"

"हो."

"ती नाही म्हणाली असती."

"हो."

"आणि कॉलेज सुटलं असतं!" ती स्टुलावरून उठलीच. "मावशी, हे तुला सोपं वाटतं, कारण तुझी फी भरलेली होती. पोटात भूक असताना स्वाभिमान सांभाळ म्हणायचं? जगातले निम्मे लोक कुणाच्या तरी न सांगितलेल्या मदतीवर शिकलेत. प्रत्येक वेळी विचारत बसलं तर मदत होणारच नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. गरज खरी होती. सोल परत आली हे चांगलंच झालं. एखाद्या शिक्षकाने गपचूप फी भरली असती तर मी त्या शिक्षकाला नमस्कार केला असता, हे मी तिच्यापाशी कबूल केलं. मग जंगलाच का नाही? चकल्या उलटताना मी तेच शोधत होते.

"तो शिक्षक फी भरून निघून गेला असता," मी अखेर म्हटलं. "जंग थांबला. आणि त्याची ही एकच गोष्ट सुटी काढून बघता येत नाही. ओ योंग-गोन आठव."

तिचा चेहरा पडला. योंग-गोन हा सोलच्या मागे हात धुऊन लागलेला मुलगा. पाठलाग, फोटो, त्रास. त्याच्यापासून तिला कुणीतरी वाचवावं असं वाचताना जीव तोडून वाटतं. आणि मग कळतं, सोलला तू आवडतोस असं त्याच्या मनात भरवून त्याला तिच्यावर सोडणारा जंगच होता, तिच्याशी त्याचं पटत नव्हतं त्या दिवसांत.

"शिष्यवृत्ती देणारा हात आणि योंग-गोनला पाठवणारा हात एकच आहे," मी म्हटलं. "पद्धतही एकच. माणसाला समोरून काही सांगायचं नाही, त्याच्या भोवतीची परिस्थिती हलवायची. राग असला की एका दिशेला, प्रेम असलं की दुसऱ्या. प्रेमात पडल्यावर त्याची दिशा बदलली. हात तसाच राहिला."

"पण त्याला दुसरं काही शिकवलंच नाही कुणी," ती हळू आवाजात म्हणाली. "लहानपणापासून प्रत्येक जण त्याच्याकडून काहीतरी उकळतोय. बापाने बेक नावाची परकी भावंडं घरी आणली, त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं तसं याच्याकडे कधी बघितलं नाही. तो एकटा आहे गं. म्हणून तर आवडतो."

इथे मी तिच्याशी वाद घातला नाही, कारण ती बरोबर होती. सुनक्कीची सगळी ताकद तिथेच आहे. तिने जंगचा चेहरा असा काढलाय की डोळे हसताना मिटतात आणि आत काय चाललंय ते दिसायचं बंद होतं. वेबटून वरून खाली वाचायचं असतं. छापलेल्या कॉमिकच्या पानावर पुढचं चित्र डोळ्याच्या कोपऱ्यात दिसत राहतं, इथे ते अंगठ्याखाली दडलेलं असतं. सोल काहीतरी विचारते, खाली नुसती पांढरी जागा, आणखी पांढरी जागा, आणि मग त्याचा चेहरा. त्या पांढऱ्या जागेत वाचणाऱ्याने काय भरायचं हे वाचणाऱ्यावर असतं. भाचीने तिथे एकटेपणा भरला. मी भीती भरली. चित्र दोघींपुढे एकच होतं.

आणखी एक गोष्ट तिला दाखवावीशी वाटली. सोल त्याला 'सनबे' म्हणते, म्हणजे सीनियर, वरच्या वर्गातला. प्रेमात पडल्यावरही ते सुटत नाही. इंग्रजीत वाचताना सगळं 'यू'मध्ये वाहून जातं, पण 'अहो' आणि 'अरे' यांच्यातलं अंतर रोज कापणाऱ्या आपल्यासारख्यांना ते लगेच कळायला हवं. तो तिला नावाने हाक मारतो, ती त्याला पायरीने. ज्याला 'अहो' म्हणायचं त्याला 'तू माझ्या पाठीमागे काय केलंस' हे विचारायला किती धाडस लागतं! ती विचारते. गुपित कळल्यावर ती रागावते, आणि मला त्या अख्ख्या कथेत तिचा तो राग सर्वांत मोलाचा वाटतो. वाचक तिला कृतघ्न म्हणतात तेव्हा मला फार लागतं.

"एवढं का लागतं तुला?" भाचीने विचारलं.

सोऱ्या खाली ठेवून मी तिला सांगितलं. मी सेकंड इयरला असताना कॉलेजच्या एसटीत एक मुलगा असायचा. पुढच्या दारापाशी उभा राहायचा, गर्दीत माझी बॅग धरायचा, एवढंच. एकदा त्याने एका मैत्रिणीकडे माझ्यासाठी चिठ्ठी दिली. चिठ्ठी माझ्याआधी माझ्या चुलतभावाच्या हाती गेली. दोन मित्रांना घेऊन दादा त्याला स्टँडवर भेटला. पुढच्या आठवड्यापासून तो मुलगा त्या गाडीत दिसला नाही. मला वाटलं, त्याला माझा कंटाळा आला असेल. वर्षभर मी मनात तेच घोळवत होते, माझ्यात काय कमी आहे याचा हिशोब मांडत होते. पाच वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत दादाने हा किस्सा सगळ्यांसमोर हसत सांगितला. "तुझ्यासाठीच केलं गं," म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

"तो मुलगा चांगला होता?"

"माहीत नाही. तेच तर."

"योंग-गोनसारखा असता तर?"

"तर दादाचे उपकार झाले असते. असेलही तसा. पण ते मला ठरवायचं होतं ना? दादाने वाईट केलं असं मी आजही म्हणत नाही. त्याने माझं भलं केलं आणि ते करताना मला मोजलंच नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे जंग आवडला तरी चालेल, पण त्याला माफ करायचं नाही?"

"आवडू दे. मलाही आवडतो. माफ करायचं की नाही, हा प्रश्न आपल्याकडे येतच नाही बाळा. तो सोलचा. शिष्यवृत्तीचं वाचून आपण दोघी विरघळलो, तेव्हा आपण तिच्या वतीने माफ करून मोकळ्या झालो होतो. तिला न विचारता."

"जंगसारखंच."

"हो."

तिने एपिसोड पुन्हा वरून लावला. या वेळी ती भराभर खाली गेली नाही. सोलच्या चेहऱ्यावर थांबत होती.

शेवटचा घाणा काढला तेव्हा तिने विचारलं, "मामाला तू हे कधी बोललीस का?"

बोलले नव्हते. वाईट करणाऱ्यावर रागवायला मला कधीच कठीण गेलं नाही. भलं करणाऱ्यावर कसं रागवायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं आणि मला सुचलंही नव्हतं. दादा आता साठीला आलाय. भाऊबीजेला तो येतो, ओवाळून झालं की दोन चकल्या तोंडात आणि दोन खिशात टाकतो. या वेळी ओवाळून झाल्यावर मी त्याला विचारणार आहे, त्या चिठ्ठीत काय लिहिलं होतं.