पहाटेचा जथा

लातूरचे आमचे एक स्नेही केवळ गाण्याच्या ओढीने नांदेडला जातात. अहमदपूर, लोहा करत एसटी पोचते, रात्री मुक्काम होतो आणि भल्या पहाटे सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात डोक्याला रुमाल बांधून ते पुढ्यातली जागा धरतात. कीर्तन गाणाऱ्या रागी जथ्यात बहुधा तिघे असतात. दोघे पेटी वाजवत गातात, तिसरा तबल्यावर. ‘आसा दी वार’ हे पहाटेचं कीर्तन सुरू होतं. मुख्य रागीने ओळ उचलली, की सोबतचा ती वरच्यावर झेलतो. ‘रहाउ’ची ओळ, आपल्या अभंगातल्या ध्रुपदासारखी, फिरून फिरून येते आणि दर वेळी तिचा रंग थोडा वेगळा लागतो. टाळ्या नाहीत, वन्समोअर नाही. स्नेह्यांची बोटं मांडीवर ठेका धरतात, तेवढीच काय ती दाद.

मला यात फार मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच. गुरू अर्जनदेवांनी 1604 मध्ये सिद्ध केलेल्या शिखांच्या धर्मग्रंथात संत नामदेवांची 61 पदं आहेत, आणि 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी त्या ग्रंथाला गुरुपद दिलं ते याच नांदेडात. नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नरसी तर शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात! आपल्या मातीतला संत पंजाबी गळ्यातून ऐकताना ऊर भरून येतो.

कीर्तन आटोपलं, की स्नेही लंगरच्या पंगतीला बसतात. मग रागींना गाठून आजचा राग विचारून घेतात आणि पुढच्या खेपेला नामदेवांचं एक तरी पद घ्या, असं आवर्जून सांगून येतात.