समुद्र नसलेलं बंदर

१५०९च्या हिवाळ्यात उझबेकांचा शैबानी खान कझाकांवर चालून गेला, तेव्हा त्याच्यासोबत इस्फहानचा एक विद्वान होता, फजलुल्ला इब्न रुजबिहान. सीर दर्या या नदीजवळचं सिग्नाक शहर पाहून त्याने फारसीत लिहिताना त्याला ‘बंदर’ म्हटलं. दश्त-ए-किपचाकचं, म्हणजे कझाकांच्या अफाट माळरानाचं बंदर. समुद्राचा पत्ता नाही, पण शब्द चपखल. आपल्याकडेही तो फारसीतूनच आला, त्यामुळे मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको.

एवढी नेमकी गोष्ट पुढे विसरली गेली. लोकांच्या डोक्यात राहिलं ते त्याच नदीच्या खोऱ्यातलं ओतरार शहर. १२१८मध्ये तिथल्या सुभेदाराने चंगीजखानाचा व्यापारी तांडा कापून काढला, पुढच्या वर्षी मंगोल आले आणि महिनोन्‌महिन्यांच्या वेढ्यानंतर शहर पडलं. भटके आणि नगरवासी यांचं हाडवैर, हा समज अशा कथांवर पोसला गेला. इब्न खल्दूनने १३७७मध्ये उत्तर आफ्रिकेत बसून जरा सखोल विचार केला होता: भटक्यांना शहर गरजेसाठी लागतं, शहराला भटके सोयीसाठी. पण त्याच्याही तराजूत शहराचंच पारडं जड. इतिहास लिहिणारे बहुतेक वेशीच्या आतले, हे विसरू नये.

ओतरार मात्र मेलं नाही. पुन्हा उभं राहिलं. १४०५मध्ये चीनच्या स्वारीवर निघालेला तैमूर तिथेच वारला. १९५०मध्ये अल्केई मार्गुलान यांनी कझाकस्तानच्या जुन्या शहरांवर पुस्तक लिहिलं, १९६९पासून केमाल अकिशेव यांनी ओतरारच्या टेकाडावर मोठं उत्खनन हाती घेतलं, आणि मातीतून निघाले राजवाडे नव्हेत, संसार: भिंतीलगतचे ओटे, ओट्यातच बसवलेला तंदूर, कुंभारांच्या भट्ट्या. भटके नुसते लुटायला येत असते तर एवढ्या भट्ट्या कुणासाठी पेटल्या असत्या?

उत्तर ऋतुचक्रात आहे. कित्येक टोळ्या हिवाळा सीर दर्याच्या आसपास काढत आणि वसंतात कळप घेऊन शेकडो किलोमीटर उत्तरेला जात. मेंढ्या, घोडे, कातडी, लोकर, नमदे द्यायचे. धान्य, कापड, लोखंडी वस्तू घ्यायच्या. शैबानी खानाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने सीर दर्याकडच्या तुर्किस्तानच्या रहिवाशांना कझाकांशी व्यापार करायलाच मनाई केली. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही, त्याची नाकेबंदी कोण करतं?

माझ्या मते खरी मेख सत्तेत आहे. कझाकांचे पहिले खान केरेई आणि जानीबेक १४६५च्या सुमारास उझबेकांच्या अबुलखैर खानापासून फुटले, आणि त्यांच्या वंशजांनी पुढे शंभरावर वर्षं याच शहरांसाठी शैबानी खानाच्या घराण्याशी झुंज दिली. माळावर खानाची हुकमत टिकायची ती सरदारांच्या मर्जीवर. रुसलेला सरदार कळप हाकून निघून जाई. त्याला अडवणार कोण? शहर मात्र जागचं हलत नाही. तिथे कर बसवता येतो, भेट द्यायला वस्त्रं मिळतात, नाण्यावर नाव उमटतं. शहर हाती नसलेला खान म्हणजे मोठ्या कळपाचा धनी, फार तर. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तुर्किस्तान हे शहर कझाकांकडे आलं आणि खानांची राजधानी झालं.

तिथे अहमद यसवी या सूफीचा दर्गा आहे. तैमूरने सुरू केलेल्या या इमारतीचा दर्शनी भाग आजही अर्धवट आहे. आत १३९९मध्ये ओतलेली सुमारे दोन टनांची कढई आहे. तीन हजार लिटर पाणी मावावं एवढी. तंबूत राहणाऱ्याच्या सामानात न बसणारी वस्तू! पण ती येणाऱ्याजाणाऱ्यांची तहान भागवण्यासाठी होती. १९३५मध्ये ती लेनिनग्राडच्या संग्रहालयात नेली, १९८९मध्ये परत आली.

आता कझाकस्तानात या शहरांचा अभिमान वाढला आहे. आनंद आहे. फक्त ‘आम्ही नुसते भटके नव्हतो, आमचीही शहरं होती’ हा सूर मला खटकतो. त्यातला ‘नुसते’ हा शब्द जुन्या नगरवासी इतिहासकारांचाच आहे.

कझाकांचा शेवटचा बलाढ्य खान अबलाई १७८१मध्ये वारला. बहुतेक आयुष्य घोड्यावर आणि नमद्याच्या तंबूत गेलं. त्याला पुरलं तुर्किस्तानात, यसवीच्या दर्ग्यात.